तळाच्या सामन्याला पहिला पाट

लिहून ठेवणार: श्रीमती ओपल जून रॅचफर्ड, वय ७७ वर्षे, निवृत्त शिक्षिका, शिवाय दर डिसेंबरात टुलिस बेंड टेलिफोन सहकारी संस्थेच्या वाहिनीवर बाउल सामन्यांची क्रमवारी सांगणारी, राहणार पर्सिमन स्ट्रीट, टुलिस बेंड, टेनेसी.

कारणे लिहून ठेवते ऐसे की, माझी बुद्धी शाबूत आहे. ज्यांना याबद्दल शंका आहे ते माझा कार्यक्रम न बघताच बोलतात. हा कागद मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाला वा भिडेला बळी न पडता करत आहे. येत्या एकोणीस तारखेला नॉक्सव्हिलच्या इस्पितळात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, सगळे नीट होईल. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता कागदावरच्या माझ्या वयाकडे बघत होते. तेव्हा मागे घोळ नको. माझे जे आहे ते कोणी घ्यायचे आणि अर्धवट राहील ते कोणी पुरे करायचे, हे आज ठरवते. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सगळे माझ्या नवऱ्याला, हार्लनला दिले होते. तो माझ्याआधी गेला. ते मृत्युपत्र रद्द.

कलम १. व्याख्या. माझे वकील श्री. डेनिस प्रुइट मूळचे बॉस्टनचे. ते फुटबॉल बघत नाहीत आणि तसे तोंडावर सांगतात, म्हणजे माणूस खरा आहे. त्यांनी 'बाउल' या शब्दाची व्याख्या मागितली, ती देते. कॉलेजांचा फुटबॉलचा मोसम थंडी पडता पडता संपतो. ज्या संघांनी निदान निम्मे सामने जिंकले त्यांना कुठल्या तरी लांबच्या गावाहून आमंत्रण येते, की या, आमच्याकडे एक शेवटचा सामना खेळा. तो बाउल. नाव कधी गावच्या पिकाचे, कधी पैसे देणाऱ्या कंपनीचे: भुईमूग बाउल, पेकन बाउल, बीट बाउल. असे चाळीसएक सामने डिसेंबरभर टीव्हीवर चालू असतात. सगळे बघायला बसले तर घरादाराचे वाटोळे होईल. म्हणून कोणता बघायचा आणि कोणत्या वेळी झोप काढायची, हे कोणीतरी सांगावे लागते. या गावात ते मी सांगते.

कलम २. माझी क्रमवारी उलटी का असते, याचा खुलासा पुढच्या माणसाच्या माहितीसाठी करून ठेवते, कारण वाहिनीचे नवे व्यवस्थापक तिला चूक समजतात. ती चूकच होती.

मी व्हरमाँटहून लग्न होऊन इथे आले तेव्हा मला फुटबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते. हार्लन शाळेच्या संघाचा कोच. संस्थेने त्याला वाहिनीवर बाउलबद्दल बोलायला बोलावले आणि नेमका त्याचा घसा बसला. त्याने आपली यादी माझ्या हातात कोंबली आणि नुसती वाचून ये म्हणून खूण केली. आता इथल्या न्हाव्याच्या दुकानात पैज कशी लागते, तर प्रत्येक सामन्याला आपल्या खात्रीचा आकडा द्यायचा. ज्याची सर्वांत जास्त खात्री त्याला सर्वांत मोठा आकडा. म्हणजे 'एक' हा आकडा सर्वांत बेभरवशाच्या, कोणी ढुंकूनही न बघणाऱ्या सामन्याचा. हार्लनची यादी अशाच आकड्यांची होती. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मला नव्हते. आमच्याकडे एक म्हणजे पहिला. मी कॅमेऱ्यात बघून ठणकावून सांगितले, "पहिला क्रमांक, बीट बाउल. हा चुकवाल तर पस्तावाल."

हार्लनने घरी बसून कपाळावर हात मारला. पण गाव विश्वासू. कोचची बायको सांगते म्हणजे त्यात काहीतरी असेल म्हणून सगळे बीट बाउल लावून बसले. मैदानावर बर्फ इतका, की रेघा दिसत नव्हत्या. दोन्ही संघ जेमतेम निम्मे सामने जिंकलेले. शेवटी शेवटी चेंडू कोणाच्या तरी हातून निसटला आणि एका अगडबंब पोराच्या पोटावर येऊन थांबला. असल्या पोरांचे काम समोरच्याला अडवायचे. चेंडू त्यांच्या हाती जन्मात येत नाही. तो क्षणभर चेंडूकडे बघत राहिला आणि मग धावत सुटला. धावणे म्हणजे काय, त्याचे सोबती त्याला मागून ढकलत होते. पार पोचला तेव्हा बर्फात पडून हसत होता की रडत होता, ते कळले नाही. टीव्हीवाले म्हणाले, हा आता घरी जाऊन गुरांचा डॉक्टर होणार, हा त्याचा शेवटचा सामना. न्हाव्याच्या दुकानात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुढच्या वर्षी संस्थेने हार्लनला नाही, मला बोलावले, आणि यादी उलटीच वाचा म्हणून बजावले.

त्यानंतर मी ती समजून उमजून उलटी ठेवली. मोठ्या बाउलमधले मोठे खेळाडू हल्ली येतच नाहीत. पुढे व्यावसायिक संघात जायचे असते, उगाच पाय मुरगळायला नको. तळाच्या सामन्याला सगळे येतात. त्यातल्या बहुतेकांना यापुढे कोणी खेळायला बोलावणार नसते. जो शेवटचे खेळतो आहे त्याला बघायला कोणीतरी बसावे, एवढीच माझी विद्या आहे.

कलम ३. घर. पर्सिमन स्ट्रीटवरचे घर, मागची शेड आणि पेकनची दोन झाडे माझी मुलगी जनेल हिला. ती डुलुथला नर्स आहे आणि मला रोज फोन करून औषधे घेतली का विचारते. घर विकायचे तर खुशाल विकावे, मला राग येणार नाही. फक्त डिसेंबरात विकू नये. बैठकीच्या भिंतीवर हार्लनने रंगवलेले मैदान आहे. घेणाऱ्याला ते आवडले नाही तर तो माणूस घर घेण्याच्या लायकीचा नाही असे समजावे, पण हे जनेलने मनातच ठेवावे.

कलम ४. बँकेत जे आहे ते फार नाही आणि भांडण्याजोगे तर मुळीच नाही. अर्धे जनेलला, अर्धे शाळेच्या बँडला. आमचा बँड चांगला वाजवतो. त्यांचे ढोल मात्र हार्लनच्या वेळचे आहेत आणि तसेच ऐकू येतात.

कलम ५. वेंडेल रॅचफर्ड, माझे धाकटे दीर. त्यांनी माझे चिलीचा रस्सा शिजवायचे विजेचे भांडे बाउलच्या दिवसांसाठी नेले आणि परत आणले तेव्हा आतल्या भांड्याला तडा होता. "वहिनी, हा आधीपासूनच होता," असे ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. त्यांना त्या भांड्याचे झाकण द्यावे. झाकण चांगल्या स्थितीत आहे. ते देताना या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने, म्हणजे जनेलने, हसू नये. वेंडेलभावोजींचा हार्लनवर जीव होता, म्हणून हार्लनचा कोचचा कोटही त्यांनाच.

कलम ६. फोन. स्वयंपाकघरातला, लांब वायरीचा. हे माझे खरे अवजार आहे आणि ते पुढच्या माणसाला मिळावे, म्हणून त्याचा वापर सांगून ठेवते. संघांची नावे जाहीर झाली, की मी खेळाडूंच्या आयांना फोन करते. कारण एकच सांगते, की तुमच्या मुलाचे नाव मला टीव्हीवर नीट उच्चारायचे आहे. मोठ्या वाहिन्यांवर त्या नावांची जी मोडतोड होते ती ऐकून ऐकून त्या आया विटलेल्या असतात. नाव कसे म्हणायचे ते त्या एका वाक्यात सांगतात, आणि मग तासभर बाकीचे सांगतात. कोण कितीदा मैदानाबाहेर बसला, कोणी बापाच्या दुकानात काम करत करत शिकले, कोणाला परीक्षेत नापास झाल्याचे घरी सांगायचे धैर्य झाले नाही. मी बाकीचे सगळे वाहिनीवर सांगत नाही. पण कोणता सामना कितव्या पंगतीला बसवायचा, ते त्यावरूनच ठरवते. पहिली पंगत म्हणजे जेवण बाजूला ठेवून बघा. दुसरी, कपड्यांच्या घड्या घालत बघा. तिसरी, आवाज बंद करून. आणि चौथीला मी म्हणते, ताट झाकून ठेवा, उद्या निकाल वाचा. चर्चच्या तळघरात जेवणाच्या पंगती उठतात, तिथून हे शब्द घेतले. पाद्रीबाबांची हरकत नाही.

कलम ७. श्री. क्लेमेंट यारब्रो, जिल्ह्याचे निवृत्त भूमापक. कायद्यापुरते 'श्री.' लिहिले, पुढे नुसता क्लेमेंट. हा माणूस दर डिसेंबरात गावच्या साप्ताहिकात माझ्या यादीविरुद्ध पत्र लिहितो. सुरुवातीला मला 'आदरणीय शेजारीण' म्हणतो आणि पुढे उरलेल्या पत्रात अनादर करतो. त्याचे म्हणणे, की क्रमवारी मोजून मापून करायची असते, आयांना विचारून नाही. आणि कोण जिंकणार ते सांगत नाही ती कसली जाणकार. तो स्वतः कोण जिंकणार ते सांगतो. त्यापेक्षा नाणे उडवलेले बरे, पण नाण्याला क्लेमेंटइतके बोलता येत नाही. त्याच्या कॉलेजचा सामना मी एकदा चौथ्या पंगतीला बसवला, ते दुखणे अजून बरे झालेले नाही.

हार्लन गेला त्या डिसेंबरात मी टीव्ही लावलाच नव्हता. क्लेमेंट लाल मिरची घातलेल्या पिमेंटो चीजचा डबा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, की पत्र लिहून कंटाळा आला, या वर्षीपासून विरोध समोरासमोर नोंदवायचा आहे. तो आत आला, समोरच्या सोफ्यावर बसला आणि त्याने टीव्ही लावला. तेव्हापासून दरवर्षी येतो, आणि पत्रही लिहितोच. त्याची बायको रूथ फार आधी वारली होती, त्यामुळे रिकाम्या घरात सामना बघणे म्हणजे काय, ते त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. हे मी त्याला कधी बोलून दाखवले नाही, इथे नोंदवते.

त्याला माझी वाहिनीवरची खुर्ची द्यावी. ही खुर्ची माझ्या मालकीची आहे. संस्थेची खुर्ची करकरायची म्हणून मी घरून नेली होती. नवे व्यवस्थापक म्हणतात, की यापुढे क्रमवारी संगणक करील. करू दे. संगणक जेव्हा एखाद्या आईला फोन करून तिचे ऐकून घेईल तेव्हा मी स्वतः उठून त्याला जागा देईन. तोवर खुर्चीत क्लेमेंट बसेल आणि माझी उलटी यादी वाचील. अट अशी, की त्या खुर्चीत बसून त्याने विजेता सांगायचा नाही. साप्ताहिकात काय वाटेल ते लिहावे. व्यवस्थापकांशी लोरेटा बोलली आहे; लोरेटा स्पिव्ही वाहिनीचा कॅमेरा सांभाळते आणि तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेले मला माहीत नाही.

कलम ८. यंदाचा पहिला पाट पेकन बाउलला. तो एकोणीस डिसेंबरला आहे, म्हणजे माझी छाती उघडतील त्याच दिवशी. यात एक पोरगा आहे. त्याचे काम दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचे. हे काम नीट झाले तर कोणाला दिसत नाही, आणि चुकले तर सगळ्या देशाला दिसते. चार वर्षांत त्याचे नाव कोणी घेतले नाही, म्हणजे त्याने काम चोख केले. त्याची आई शाळेची बस चालवते. तिने त्याला कॉलेजकडून खेळताना कधी मैदानात बसून बघितलेले नाही. या वेळी बघणार आहे. नाव विचारले तर म्हणाली, "श्चेपानिक. आधी शिंक काढायची आणि तिच्यामागून 'पानिक' म्हणायचं. तुम्ही बघाल ना पण? मी सोडून आणखी कोणीतरी बघायला हवं." मी तिला शब्द दिला.

म्हणून मी इस्पितळाला कळवले, की झडप जानेवारीत बदलू. डॉक्टर म्हणाले, जानेवारीपर्यंत थांबणे शहाणपणाचे नाही. जनेल फोनवर आधी रडली, मग चिडली. "आई, बाउल दर वर्षी येतात. तू या जगात एकदाच आलीस." मी तिला म्हटले, दिलेला शब्द मोडायचा नसतो. मला वाटले, हे चांगले बिनतोड उत्तर झाले.

कलम ९. यानंतर काय झाले ते लिहिणे वकीलसाहेबांच्या मते मृत्युपत्रात बसत नाही. माझ्या मते त्यावाचून मृत्युपत्राला अर्थ नाही. ते टंकलेखनाचे पैसे घेतात, तेव्हा त्यांनी टंकावे.

डॉक्टरांकडून परत येताना गाडी क्लेमेंट चालवत होता. मी त्याला श्चेपानिकच्या आईची गोष्ट सांगितली. त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, बंद मात्र केली नाही.

"ओपल, तुझी अडचण बाउल नाही," तो म्हणाला. "तुला सुरीची भीती वाटते."

"वाटते," मी म्हणाले. "मग?"

"मग काही नाही. मलाही वाटते." तो समोर बघत होता. "पण निम्मे हरलेली पोरं बर्फात उतरतात आणि तू सगळ्या गावाला ओरडून सांगतेस, त्यांना बघा, त्यांना बघा. आता तुझी उतरायची पाळी आली तर तू बाकावर बसून राहणार? त्या पोराला मी बघतो. त्याचं नाव मी म्हणतो. शिंक काढून म्हणतो. तू जा."

इतकी वर्षे पत्रांतून जे त्याला जमले नाही ते त्या दिवशी जमले. मी तिथूनच इस्पितळाला फोन केला आणि एकोणीस तारीख कायम करा म्हणून सांगितले. मग श्चेपानिकच्या आईला केला. ती म्हणाली, की आधी बरे व्हा, मी घरी कॅसेटवर भरायला लावून जाईन. हल्ली कॅसेट कोणी वापरत नाही, पण मी तिला तसे म्हटले नाही.

मी फोन ठेवला तरी गाडी हलेना. मला वाटले, गिअर अडकला. एवढ्यात क्लेमेंट म्हणाला, "मिस ओपल."

जो माणूस गाडीत बसल्यापासून अगंतुगं करत होता, आणि त्याआधी तीसेक वर्षे करत होता, तो एकाएकी 'मिस ओपल' म्हणाला तेव्हा मी गिअरवरून नजर काढून त्याच्याकडे बघितले. इकडे बाईला असे आदराने एक तर अंत्यविधीला म्हणतात, नाहीतर कोणाला काही मागायचे असेल तेव्हा.

"मिस ओपल, तुम्ही परत आलात की माझ्याशी लग्न कराल का?"

मी म्हणाले, "एक जानेवारीला सांगते. शेवटचा बाउल संपल्यावर."

"मधल्या काळात काही अंदाज?"

"मी निकाल आधी सांगत नसते, क्लेमेंट. तुला माहीत आहे."

तो हसला आणि त्याने गाडी रस्त्यावर घेतली. घरी पोचेपर्यंत भुईमूग बाउल कितव्या पंगतीला बसवायचा यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले. मला वाटते, मी चुकत होते. ते मात्र त्याला कळवू नये.

कलम १०. हे कलम साक्षीदारांनी व वकिलांनी वाचावे, इतर कोणी नाही. क्लेमेंटला या कागदाने खुर्ची मिळते, म्हणून कायद्याप्रमाणे त्याला साक्षीदार होता येत नाही. तो बाहेर गाडीत बसला आहे. बसू दे.

एक जानेवारी मला दिसेलच असे कोणी लिहून देत नाही. वाट बघत राहणे त्या माणसाला चांगले जमते, पण माझ्या उत्तराची वाट बघत त्याने उरलेले आयुष्य काढावे, हे मला पसंत नाही. तेव्हा दोन साक्षीदारांसमक्ष, पूर्ण शुद्धीवर असताना नोंदवते, की माझे उत्तर 'हो' असे आहे. ते मी त्या दिवशी गाडीतच देऊ शकले असते. पण परत येण्यासाठी काहीतरी बाकी ठेवावे असे मनात होते.

मी परत न आल्यास वकीलसाहेबांनी क्लेमेंटच्या घरी जाऊन हे कलम त्याला स्वतः वाचून दाखवावे. टपालाने पाठवू नये, आणि वाचून झाल्यावर लगेच उठू नये. मी परत आल्यास कोणी एक अक्षरही बोलू नये. मी स्वतः सांगेन. त्या वेळी हे कलम रद्द समजावे, उत्तर नव्हे.

येणेप्रमाणे माझे म्हणणे संपले. वर लिहिलेले मी स्वतः वाचले, दोन ठिकाणी वकीलसाहेबांचे स्वल्पविराम खोडले, आणि साक्षीदारांच्या देखत, त्यांनी माझ्या देखत, सही केली.

सही: ओपल जून रॅचफर्ड

साक्षीदार:

१. लोरेटा स्पिव्ही, टुलिस बेंड. कलम दहा वाचले. गप्प राहायचे कबूल. कठीण आहे.

२. एर्ल गॅडिस, पोस्टमास्तर, टुलिस बेंड. वाचले. कबूल.

मृत्युपत्र तयार करणारे: डेनिस प्रुइट, वकील. एकोणीस तारखेचा सामना लावून बसण्याचे कबूल.

ठिकाण: टुलिस बेंड, टेनेसी
तारीख: ११ डिसेंबर २०२३